मोठा डबा, लहान हात

२२ फेब्रुवारी २००२ रोजी टोकियोच्या शिबुया भागातल्या त्सुताया या दुकानात बिल गेट्स स्वतः हजर होते. जपानमध्ये विकला गेलेला पहिला एक्सबॉक्स त्यांनी आपल्या हाताने गिऱ्हाइकाला दिला. त्या काळी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस ३४,८०० येनांची एक काळी पेटी विकायला पॅसिफिक महासागर ओलांडून आला होता, यावरूनच मायक्रोसॉफ्टला जपानचं किती महत्त्व वाटत होतं ते कळतं. व्हिडिओ गेमच्या धंद्यात जपान म्हणजे पंढरी होती. निन्टेंडो, सोनी, सेगा या तिन्ही मोठ्या कंपन्या तिथल्या. मारिओ, ड्रॅगन क्वेस्ट, फायनल फँटसी तिथले. अमेरिकेत कितीही विकलं तरी जपानने स्वीकारल्याशिवाय कन्सोल बनवणाऱ्यांच्या पंगतीत पाट मिळणार नाही, अशी त्या काळातली पक्की समजूत होती.

पहिल्या तीन दिवसांत साधारण सव्वा लाख यंत्रं गेली. दुकानांत पोचलेल्या मालापैकी जवळपास निम्मा तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी, मार्च २००० मध्ये, सोनीचा प्लेस्टेशन २ आला तेव्हा पहिल्याच शनिवार-रविवारी ९ लाख ८० हजार यंत्रं विकल्याचं सोनीने जाहीर केलं होतं. एक्सबॉक्सचं पुढे काय झालं ते आकड्यांत सांगायचं तर, जगभर त्याची २ कोटी ४० लाख यंत्रं विकली गेली आणि त्यांतली जपानमध्ये पाच लाखही नाहीत. म्हणजे शंभरातली दोन.

हे असं का झालं, याची जितकी गमतीदार कारणं सांगितली गेली तितकी दुसऱ्या कुठल्याही कन्सोलबद्दल क्वचितच सांगितली गेली असतील. जपानी माणसाचे हात लहान, म्हणून. जपानी घरं लहान, म्हणून. नावात फुली आहे आणि फुली म्हणजे चूक, म्हणून. अमेरिकन खेळ पाहून जपान्यांना भोवळ येते, म्हणून. ही कारणं पत्रकारांनी छापली, खेळाडूंनी एकमेकांना ऐकवली, आणि कंपनीच्या बैठकांतही ती गंभीरपणे मांडली गेली. मला या कारणांचं फार आकर्षण आहे. ती हसवतात, चटकन पटतात आणि लक्षात राहतात. पण एकेक कारण हातात घेऊन उलटंपालटं केलं तर त्यातून एक वेगळीच गोष्ट बाहेर येते, आणि ती सांगण्यासारखी आहे.

थोडं मागे जायला हवं. मार्च १९९९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ ची योजना जगासमोर मांडली आणि मायक्रोसॉफ्टमध्ये धास्ती बसली. घराच्या दिवाणखान्यात सोनीचा डबा बसला तर विंडोज टेबलावरच राहील, ही ती धास्ती. शेमस ब्लॅकली, केव्हिन बॅकस, टेड हेस आणि ओटो बर्कीस या चौघांनी कंपनीतच एक वेगळा प्रस्ताव रेटला. कम्प्युटरचेच भाग वापरून खेळाचं यंत्र बनवायचं. विंडोजवर खेळ चालवणाऱ्या डायरेक्टएक्स या तंत्रावरून त्याचं कामचलाऊ नाव पडलं डायरेक्टएक्स बॉक्स, त्याचंच आखूड होऊन एक्सबॉक्स. मार्केटिंगवाल्यांना ते नाव आवडलं नव्हतं. त्यांनी इतर नावांची लांबलचक यादी केली, लोकांना विचारलं, आणि लोकांनी एक्सबॉक्सच निवडलं. १० मार्च २००० रोजी गेट्स यांनी यंत्राची घोषणा केली.

यंत्र बनवणं जमत होतं. खेळ कुठून आणायचे, हा प्रश्न होता. मायक्रोसॉफ्टने खेळ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या विकतच घ्यायचं ठरवलं. केव्हिन बॅकस यांनी वीस वर्षांनी सांगितलेली हकिगत अशी की, मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्या आग्रहावरून ते निन्टेंडोला कंपनी विकता का म्हणून विचारायला गेले, आणि समोरची मंडळी तासभर नुसती हसत राहिली. फायनल फँटसी बनवणाऱ्या स्क्वेअरशी बोलणी बरीच पुढे गेली होती, पण देऊ केलेली किंमत फारच कमी आहे असं सांगून तीही थांबली. एक्सबॉक्स जपानच्या दुकानांत पोचण्याच्या कितीतरी आधी त्याची जपानमधली अडचण अशी समोर आली होती. त्या बैठकांमध्ये हातांच्या आकाराचा विषय कुणी काढला नव्हता.

इथे सेगाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण कन्सोल का खपत नाही याचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर जपानमध्ये एका जाहिरातीने देऊन ठेवलं होतं. १९९८ साली सेगाचं ड्रीमकास्ट येणार होतं. आधीचं सॅटर्न प्लेस्टेशनपुढे मागे पडलं होतं. अशा वेळी कुठलीही कंपनी नव्या यंत्राची आरती ओवाळते. सेगाने केलं ते अजब होतं. कंपनीचे एक ज्येष्ठ संचालक हिदेकाझू युकावा यांनाच त्यांनी जाहिरातीत उभं केलं. रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर मुलांचं बोलणं पडतं: सेगा काही खास नाही, प्लेस्टेशनमध्ये जास्त मजा येते. साहेबांचा चेहरा पडतो. पुढे ते खचून, हताश होऊन भटकत राहतात. सगळ्या जपानने ही जाहिरात पाहिली आणि युकावा घराघरात ओळखीचे झाले. पोरांनी तिथे सांगितलेलं कारण साधं होतं: मजा तिकडे आहे. यंत्राच्या रंगाबद्दल, आकाराबद्दल, नावाबद्दल एक शब्द नाही.

२७ नोव्हेंबर १९९८ ला ड्रीमकास्ट आलं तेव्हा चित्रं काढणारी चिप पुरेशी तयार होत नव्हती, त्यामुळे मागणी असूनही माल कमी पडला. मग प्लेस्टेशन २ आला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोल बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगवण्यासाठी स्वतःची प्रचंड मालमत्ता तिला देऊन टाकली आणि त्याच मार्चमध्ये त्यांचं निधन झालं. ड्रीमकास्टच्या अंगावर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीई या प्रणालीचं चिन्ह होतं. सेगा आणि मायक्रोसॉफ्टचा परिचय जुना होता. सेगा बाजूला झाली तेव्हा तिचे काही उत्तम खेळ एक्सबॉक्सवर आले. जेट सेट रेडिओ फ्यूचर पहिल्याच दिवशी होता, पॅन्झर ड्रॅगून ओर्टा त्याच वर्षाच्या अखेरीस आला. सेगावर जीव असणाऱ्या जपानी खेळाडूंसाठी एक्सबॉक्स घेण्याचं हे खरंखुरं कारण होतं. दुर्दैवाने असे खेळाडू थोडेच उरले होते.

आता हातांकडे वळू. एक्सबॉक्सबरोबर अमेरिकेत जो कंट्रोलर आला त्याला लोकांनी ड्यूक असं टोपणनाव दिलं होतं. तो खरोखरच अवाढव्य होता. आत बसवायचा सर्किट बोर्ड आधीच मोठा ठरला होता आणि त्याला सामावून घेणारं कवच त्याहून मोठं करावं लागलं. मधोमध चिन्हाची मोठी हिरवी चकती होती, बटणं एकमेकांपासून लांब. डिझाइन करणाऱ्यांना त्याची अडचण ठाऊक होती. जपानमधल्या सहकाऱ्यांनी तो हातात घेऊन नकार दिला, आणि तिथल्या बाजारासाठी लहान कंट्रोलर बनवायला घेतला गेला. कामाच्या काळात त्याचं गुप्त नाव होतं अकेबोनो. अकेबोनो म्हणजे हवाई बेटांवर जन्मलेला, दोन मीटरहून उंच सुमो पैलवान. योकोझुना या सर्वोच्च पदावर पोचलेला तो पहिला परदेशी मल्ल, साल १९९३. अमेरिकेतून येऊन जपानच्या अगदी आतल्या आखाड्यात मानाने उभा राहिलेला माणूस. लहान कंट्रोलरला या महाकाय माणसाचं नाव देताना त्या लोकांच्या मनात काय आशा होती ते उघड आहे, आणि मला ती हृद्य वाटते.

लहान हातांची थिअरी सांगणारे एक गोष्ट नेहमी विसरतात. जपानमध्ये एक्सबॉक्स आला तो या लहान कंट्रोलरसकटच. शिबुयात गेट्स यांनी जी पेटी दिली तिच्या आत ड्यूक नव्हता. म्हणजे जपानी गिऱ्हाइकाने ज्या कंट्रोलरमुळे यंत्र नाकारलं असं सांगतात, तो त्याला मुळात दिलाच गेला नव्हता. आणि पुढची गंमत तर आणखी बोलकी आहे. तो लहान कंट्रोलर अमेरिकेत पोचला तेव्हा तिथल्या लोकांनी तो उचलून धरला. २००२ सालातच अमेरिकेतल्या एक्सबॉक्सबरोबरही ड्यूकऐवजी तोच येऊ लागला. पुढच्या सगळ्या एक्सबॉक्स कंट्रोलरांचा वंश या जपानी कंट्रोलरपासून चालू झाला. थोडक्यात, ड्यूक सगळ्यांच्याच हातांना मोठा होता. जपान्यांनी ते आधी सांगितलं, एवढंच.

घरांचा मुद्दाही असाच. एक्सबॉक्स मोठा होता यात वाद नाही: ३२ सेंटिमीटर लांब, २६ रुंद, १० उंच, वजन पावणेचार किलोंच्या वर. आत कम्प्युटरसारखी हार्ड डिस्क, डीव्हीडीचा ड्राइव्ह, विजेचा पुरवठा, सगळं कोंबलेलं. शेजारी ठेवलेला निन्टेंडोचा गेमक्यूब पाहिला तर तो कडी लावलेल्या जेवणाच्या डब्याएवढा. टोकियोच्या छोट्या खोलीत टीव्हीखालच्या फळीवर हे धूड मावणार कसं, असं म्हणत त्यावर भरपूर विनोद झाले. पण नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणला. त्याची लांबी-रुंदी-उंची जवळजवळ जुन्या एक्सबॉक्सइतकीच होती, आणि वजन पाच किलो. त्या यंत्रावरही लोक हसले, महाग आहे म्हणून कुरकुरले, आणि तरीही जपानमध्ये त्याची सुमारे एक कोटी यंत्रं खपली. सोनीचा प्लेस्टेशन ५ तर आला तेव्हा याहूनही मोठा होता. २००२ साली ज्या फळीवर जागा नव्हती तिथे २००६ साली जागा झाली. ती झाली कारण घरातल्या माणसांना त्या यंत्रावर येणारे खेळ हवे होते.

नावातल्या फुलीची थिअरी जरा सूक्ष्म आहे. जपानमध्ये शिक्षक बरोबर उत्तरावर गोल करतात आणि चुकीच्या उत्तरावर फुली. नाही म्हणताना माणसं छातीपुढे दोन्ही हातांची फुली धरतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर गोल आणि फुली ही बटणं सोनीचे डिझाइनर तेइयू गोतो यांनी ठेवली ती होकार आणि नकार याच अर्थाने. मग नावातच नकार घेऊन आलेल्या यंत्राला होकार कोण देणार, असा हा युक्तिवाद. ऐकायला झकास आहे. पण एक्सबॉक्सच्या सात महिने आधी, जुलै २००१ मध्ये, फायनल फँटसी या मालिकेचा दहावा भाग मोठ्या रोमन एक्ससह जपानमध्ये आला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. देशातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडांपैकी एकाचं नाव एक्स जपान. रॉकमॅन एक्स ही खेळांची मालिका १९९३ पासून आनंदाने विकली जात होती. आणि २०२० साली खुद्द सोनीने प्लेस्टेशन ५ वर जपानमधलंही होकाराचं बटण बदलून फुलीचं केलं. जुन्या खेळाडूंची बोटं चुकली, तक्रारी झाल्या, पण त्यामुळे यंत्र कुणी परत नेऊन दिल्याचं दिसलं नाही.

भोवळीची थिअरी यापेक्षा जरा वजनदार होती. जपानमध्ये नायकाच्या डोळ्यांनी जग दाखवणाऱ्या बंदुकीच्या खेळांची सवय कमी होती, आणि असे खेळ पाहताना मळमळतं असं खरंच बरेच जण सांगत. एक्सबॉक्सचा हुकमी एक्का हेलो हा नेमका तशा जातीचा. अमेरिकेत त्याने यंत्र विकून दाखवलं. जपानमध्ये एप्रिल २००२ मध्ये तो आला आणि फारसा कुणाच्या लक्षातही आला नाही. इथपर्यंत थिअरी टिकते. पण २०१५ साली निन्टेंडोने स्प्लॅटून आणला. बंदुकीतून रंग उडवणाऱ्या पोरांचा खेळ, कॅमेरा गरगर फिरणारा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा तिसरा भाग आला आणि तीन दिवसांत एकट्या जपानमध्ये ३४ लाख ५० हजार प्रती विकल्याचं निन्टेंडोने सांगितलं. तेव्हा नेम धरण्याचं किंवा वेगाचं वावडं जपानला नव्हतं. आपल्या चवीचा खेळ हवा होता.

स्वदेशीची थिअरीही अधूनमधून डोकं वर काढते: जपानी लोक जपानी मालच घेतात. विंडोज, आयपॉड, आयफोन यांनी तिचं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. गेममध्येही क्रॅश बँडिकूट ही अमेरिकेत बनलेली मालिका जपानमध्ये प्रचंड चालली होती. तिचा तिसरा भाग तिथे दहा लाखांपलीकडे गेला. त्यामागे सोनीच्या जपानी कार्यालयाने घेतलेली मेहनत होती. खेळात अडणाऱ्या नवशिक्याला सूचना मिळतील, नायकाचा चेहरा इथल्या मुलांना आवडेल, जाहिरात इथल्या ढंगाची असेल, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. क्रॅश अमेरिकन आहे हे कित्येक मुलांच्या मनातही आलं नसेल.

गमतीच्या कारणांच्या गर्दीत एक खरंखुरं नुकसान मात्र बाजूला पडलं. विक्री सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच एक्सबॉक्समधून काढलेल्या डिस्कवर गोल ओरखडे दिसत असल्याच्या तक्रारी आल्या. खेळ चालण्यावर त्याचा परिणाम होत नाही, असं सुरुवातीचं उत्तर मिळालं. नंतर दुरुस्तीची तयारी दाखवली गेली. जपानमधला खेळाडू डिस्कवरच्या ओरखड्याने इतका का अस्वस्थ झाला, हे परदेशात अनेकांना कळलं नाही, आणि फाजील टापटिपीचा स्वभाव म्हणून त्यावरही विनोद झाले. पण जपानमध्ये जुन्या खेळांचा बाजार फार मोठा होता. खेळ संपवायचा, दुकानात परत विकायचा, त्या पैशांत दुसरा घ्यायचा, हा तिथल्या पोरांचा रिवाज. प्रकाशक कंपन्यांनी या व्यवहाराविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. २५ एप्रिल २००२ रोजी, एक्सबॉक्स येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने जुने खेळ विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही असा निकाल दिला. दुकानदार डिस्क उजेडात धरून पाहतो आणि ओरखडा दिसला की भाव पाडतो. ज्या मुलाचा पुढचा खेळ आधीच्या खेळाच्या विक्रीवर अवलंबून होता, त्याच्यासाठी ओरखडा म्हणजे थेट खिशाला कात्री होती. ते समजून घ्यायला स्वभावाची मीमांसा लागत नाही.

मे २००२ मध्ये एक्सबॉक्सची किंमत १०,००० येनांनी उतरवून २४,८०० करण्यात आली. त्याच सुमारास सोनी आणि निन्टेंडोनेही आपापले भाव कमी केले. त्यामुळे फरक फारसा पडला नाही.

मायक्रोसॉफ्टने हार मात्र मानली नाही, आणि या जिद्दीबद्दल मला आदर वाटतो. पुढच्या यंत्राचं, एक्सबॉक्स ३६० चं, बाह्यरूप ठरवताना सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲस्ट्रो स्टुडिओजबरोबर ओसाकाच्या हर्स या डिझाइन संस्थेला सोबत घेतलं. पांढरं, सडपातळ, उभंही राहणारं यंत्र. आकाराची तक्रार संपली. मग मायक्रोसॉफ्टने मुळालाच हात घातला. फायनल फँटसीचे जनक हिरोनोबू साकागुची स्क्वेअरमधून बाहेर पडले होते. २००४ साली त्यांनी मिस्टवॉकर ही कंपनी काढली आणि मायक्रोसॉफ्टसाठी दोन मोठे खेळ हाती घेतले. ब्लू ड्रॅगनची पात्रं ड्रॅगन बॉलचे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी रेखाटली, संगीत नोबुओ उएमात्सू यांचं. लॉस्ट ओडिसीसाठी स्लॅम डंकचे ताकेहिको इनोउए पात्रं घडवायला आले, आणि कादंबरीकार कियोशी शिगेमात्सू यांनी नायकाच्या आठवणींच्या कथा लिहिल्या. हजार वर्षं जगलेल्या माणसाच्या त्या कथा खेळाच्या मधल्या वाटेवर थांबून वाचाव्या लागतात. खेळात साहित्य इतक्या मानाने बसवल्याची उदाहरणं आजही फार नाहीत.

१० डिसेंबर २००५ ला एक्सबॉक्स ३६० जपानमध्ये आला तेव्हा यांतलं काहीच तयार नव्हतं. ज्याची वाट पाहिली जात होती तो डेड ऑर अलाइव्ह ४ सुद्धा वेळेत आला नाही, तो २९ डिसेंबरला आला. पहिल्या दोन दिवसांत सुमारे ६२ हजार यंत्रं गेली, म्हणजे जुन्या एक्सबॉक्सच्याही निम्मी. ब्लू ड्रॅगन डिसेंबर २००६ मध्ये आला. त्याच्या बळावर यंत्रं हलली, खेळाच्या दोन लाखांच्या आसपास प्रती गेल्या. पण तोरियामांच्याच चित्रांचा ड्रॅगन क्वेस्ट ८ प्लेस्टेशन २ वर तीस लाखांहून अधिक विकला गेला होता. एका चांगल्या खेळाने घर वसत नाही. आज हा, उद्या तो, परवा मित्राकडे आहे तोही माझ्याकडे चालेल, असा भरवसा लागतो.

तो भरवसा एकदा खरोखर निर्माण झाला होता. ७ ऑगस्ट २००८ रोजी टेल्स ऑफ व्हेस्पेरिया फक्त एक्सबॉक्स ३६० साठी आला. टेल्स ही जपानमधली लाडकी मालिका. त्या आठवड्यात खेळाच्या लाखाच्या घरात प्रती विकल्या गेल्या आणि यंत्रं इतकी गेली की दुकानांत माल संपला. मायक्रोसॉफ्टच्या जपानी कार्यालयाला तुटवड्याबद्दल माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये स्वस्त मॉडेलची किंमत १९,८०० येनांवर आणली गेली, आणि काही आठवडे एक्सबॉक्सने जपानच्या भूमीवर प्लेस्टेशन ३ ला मागे टाकलं. नावात फुली तशीच होती. हातही त्याच मापाचे होते. फळीवर जागा झाली होती.

आणि मग तो भरवसा मोडला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हेस्पेरिया प्लेस्टेशन ३ वर आला, तोही वाढीव मजकुरासह: नवं पात्र, जास्त संवाद, जास्त कथा. केवळ या खेळासाठी ज्यांनी एक्सबॉक्स घेतला होता, त्यांच्या हातात अपुरी आवृत्ती उरली. फायनल फँटसी १३ ची तर परिसीमा झाली. २००८ च्या जुलैमध्ये तो एक्सबॉक्सवरही येणार असं मोठ्या थाटात जाहीर झालं, पण जपानबाहेर. डिसेंबर २००९ मध्ये तो खुद्द जपानमध्ये आला तो फक्त प्लेस्टेशन ३ वर, आणि तिथल्या एक्सबॉक्स बाळगणाऱ्यांना आणखी वर्षभर थांबावं लागलं. जपानी खेळाडूने परक्या यंत्रावर विश्वास टाकला नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा आधी पाहाव्यात. विश्वास टाकणाऱ्यांना काय मिळालं ते त्यांत स्पष्ट आहे.

एक्सबॉक्स ३६० जगभर ८ कोटी ४० लाखांवर गेला. जपानमध्ये सोळा लाखांच्या आसपास. पुन्हा शंभरातली दोन. नंतरच्या एक्सबॉक्स वनला अमेरिकेत येऊन दहा महिने होत आले तेव्हा, ४ सप्टेंबर २०१४ रोजी, जपानमध्ये आणलं गेलं. पहिल्या आठवड्यात २४ हजारही गेले नाहीत. दहा महिने उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी कुणी दार उघडं ठेवून बसत नाही, पण तेव्हाही पुष्कळांनी दोष दिला तो जपानी आवडीनिवडीलाच.

थिअऱ्यांची ही परंपरा शेवटी अमेरिकेच्या सिनेटपर्यंत पोचली. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या राज्यातल्या, वॉशिंग्टनच्या, सिनेटर मारिया कँटवेल यांनी व्यापार प्रतिनिधी कॅथरिन ताय यांना सुनावणीत सांगितलं की जपानच्या वरच्या दर्जाच्या गेम बाजारातला ९८ टक्के वाटा सोनीकडे आहे आणि तो स्पर्धा दाबून मिळवलेला आहे. सोनी प्रकाशकांशी एकाधिकाराचे करार करते, यात तथ्य आहे. पण त्या हिशेबात निन्टेंडोला धरलेलंच नव्हतं, आणि जपानमध्ये तेव्हा सर्वांत जास्त खपणारं यंत्र निन्टेंडोचंच होतं. शिवाय सोनी स्वतः १९९४ च्या डिसेंबरमध्ये या धंद्यातली उपरी होती. निन्टेंडोची महागडी कार्ट्रिजं सोडून खेळ बनवणारे तिच्या स्वस्त सीडीकडे आले, जानेवारी १९९७ मध्ये फायनल फँटसी ७ आला, ड्रॅगन क्वेस्ट ७ नेही तीच वाट धरली, आणि खेळांमागून माणसं आली. उपऱ्याने घर मिळवण्याची रीत जपानने एकदा उघडपणे दाखवली होती.

माझा निवाडा असा आहे: हातांची, घरांची, फुलीची कारणं इतकी वर्षं टिकली कारण त्यांत विकणाऱ्याला काही बदलावं लागत नाही. दोष गिऱ्हाइकाच्या शरीरात आणि संस्कृतीत ठेवला की बैठक लवकर संपते. युकावांच्या जाहिरातीतली पोरं जे सांगून गेली ते मान्य केलं असतं, तर वर्षानुवर्षं, खंड न पाडता, तिथल्या लोकांना हवे ते खेळ वेळेवर द्यावे लागले असते.

मायक्रोसॉफ्टला असा खेळ सापडलाच नाही असंही नाही. २०१४ साली तिने अडीचशे कोटी डॉलर मोजून माइनक्राफ्ट विकत घेतला. २०१८ च्या जूनमध्ये त्याची पेटीबंद आवृत्ती जपानच्या दुकानांत आली आणि तिथल्या शाळकरी मुलांनी तिला डोक्यावर घेतलं. तिच्या वीस लाखांहून अधिक प्रती जपानमध्ये विकल्या गेल्या आहेत. ती आवृत्ती निन्टेंडो स्विचसाठी होती.